मुरायला ठेवलेला फॉर्म

न्यूझीलंडमधल्या एका विद्यापीठात मी सव्वीस वर्षं नोकरी केली, असं सांगितलं की आपली माणसं लगेच सावरून बसतात आणि आदराने विचारतात, "कोणता विषय शिकवायचात?" मी काहीच शिकवत नव्हते. दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टशेजारच्या खोलीत बसून, लोकांच्या मुलांना त्यांनी काय शिकावं ते सांगत होते. "म्हणजे क्लार्क?" असं माझ्या सख्ख्या भावाने साताऱ्यात चारचौघांत विचारलं होतं. तेव्हा मी नुसतीच हसले. त्याचं उत्तर आता निवृत्त झाल्यावर सवडीने देते आहे.

माझ्या पदाचं नाव विद्यार्थी सल्लागार. इथे मुलं सतराव्या-अठराव्या वर्षी विद्यापीठात येतात आणि कोणते पेपर घ्यायचे हे त्यांचं त्यांनी ठरवायचं असतं. पेपर म्हणजे आपला विषय. चुकीचा पेपर घेतला तर पुढच्या वर्षाचं दार बंद होतं, आणि ते बंद झाल्याचं वर्षभर कळतही नाही. अशा दारांचा नकाशा डोक्यात ठेवायचा आणि वीस मिनिटांत समोरच्याला वाट दाखवायची, हे माझं काम. वीस मिनिटं झाली की पुढचं मूल दारात उभं.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक गृहस्थ मुलाबरोबर आले आणि प्रत्येक प्रश्नाला "आम्ही केमिस्ट्री घेतली आहे," "आम्हाला फिजिक्स जड जातं," असं स्वतःच उत्तर देत राहिले. शेवटी मी त्यांना विचारलं, "मग परीक्षेला तुम्ही बसणार की हा?" मुलगा पहिल्यांदा हसला. एका मुलीला विद्यापीठ बदलायचं होतं, कारण फ्लॅटमध्ये फार थंडी वाजते. मी ते हसण्यावारी नेलं. पुढे एका हिवाळ्यात वेलिंग्टनजवळ लोअर हटला आमच्या घरातला हीटर चार दिवस बंद पडला, तेव्हा त्या पोरीची मनातल्या मनात माफी मागितली.

पण खरी गर्दी व्हायची वर्षाच्या शेवटी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. त्याला आम्ही बदलीचा मोसम म्हणायचो. डॉक्टर व्हायचं आहे, पण आमच्याकडे मेडिकल कॉलेज नाही, अशी मुलं रांगेने यायची आणि सगळी एकच विचारायची, "शोभा, तिकडच्या युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर घेतली तर माझा चान्स वाढेल का?"

बाहेरच्या माणसाला हे सांगायला हवं. माझ्या काळात डॉक्टरीला जायची दोन मुख्य दारं होती. मेडिकल कॉलेज असलेल्या विद्यापीठात पहिलं वर्ष करायचं आणि तिथूनच थेट आत जायचं, हे एक. कुठल्याही विद्यापीठाची पदवी चांगल्या गुणांनी मिळवायची आणि मग अर्ज करायचा, हे दुसरं. आमच्याकडे पहिलं वर्ष केलेल्या मुलांसाठी पहिलं दार मिटलेलं. राहिलं दुसरं, आणि त्या दाराशी कोणी तुमचं गाव विचारत नाही, गुण विचारतात. म्हणजे बदली घेऊन शहर बदलतं, रांगेतला नंबर बदलत नाही. "दवाखान्याशेजारी घर घेतलं म्हणून कोणी डॉक्टर होत नाही," हे माझं ठरलेलं वाक्य होतं. ते मी इंग्रजीतून टाकायचे आणि मुलं हसायची. मलाही ते वाक्य फार आवडायचं, हे कबूल करते.

दुसरी माझी खासियत म्हणजे खालचा ड्रॉवर. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका मुलाने मैत्रिणीशी भांडून तडकाफडकी बदलीचा फॉर्म भरला, मी तो त्याच दुपारी पाठवला, आणि तीन दिवसांनी तो रडत परत आला. तेव्हापासून मी नियम केला. फॉर्म पूर्ण भरून घ्यायचा, पण आठवडाभर खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचा. लोणचं मुरतं तसा निर्णयही मुरू द्यायचा. आठव्या दिवशी मूल ठाम असेल तर माझा शेरा आणि ऑफिसची गुणांची यादी जोडून पुढे पाठवायचा. बरीच मुलं आठवड्यात मत बदलायची आणि येऊन थँक्यू म्हणायची. माझी सहकारी अरोहा त्या ड्रॉवरला 'शोभाची बरणी' म्हणायची.

अरोहा माओरी, म्हणजे इथल्या मूळ लोकांपैकी, पूर्व किनाऱ्याकडची. आमची टेबलं पाठीला पाठ लावून होती. मूल आलं की ती गुण विचारायची नाही. "कुठली तू? तुझी माणसं कोण?" इथून तिची सुरुवात. डोंगर, नदी, आजोळ, सगळं निघायचं. मी तिला चिडवायचे, "तुझ्या वीस मिनिटांतली पंधरा नदीतच वाहून जातात." ती म्हणायची, "उरलेलं पाच मिनिटांत होतं, शोभा." मला वाटायचं, हिला शिस्त नाही.

आणखी एक नियम होता, तो फक्त मराठी मुलांसाठी. मंडळाच्या गणपतीत मी शोभाकाकू, ऑफिसात शोभा. काकू म्हटलं की नात्याची भीड येते आणि भिडेपोटी सल्ला बिघडतो, असं माझं म्हणणं.

गार्गी त्या नियमाप्रमाणे मला "शोभा" म्हणतच आत आली. तिला मी ती पाच वर्षांची असल्यापासून ओळखत होते. तिची आई रजनी आमच्याच भागात राहणारी, हॉस्पिटलात नर्स. वडील चार वर्षांपूर्वी गेले. घरात या दोघीच. गार्गी रोज लोअर हटहून ट्रेनने वेलिंग्टनला यायची, बायोमेडिकलचं पहिलं वर्ष उत्तम गुणांनी संपवलं होतं, आणि आता दक्षिणेतल्या विद्यापीठात बदली मागत होती. भरलेला फॉर्म तिच्या हातात होता.

तो मंगळवार होता आणि शुक्रवारी मी भाच्याच्या लग्नाला साताऱ्याला निघणार होते. डोक्यात आहेराच्या साड्या होत्या. मी फॉर्म घेतला आणि दोन दारं, रांग, नंबर, दवाखान्याशेजारचं घर, सगळं धडाधड सांगून टाकलं. मध्ये ती दोनदा म्हणाली, "हो शोभा, ते मला माहितीय. पण ॲक्चुअली मला..." मी म्हटलं, "थांब, आधी पूर्ण ऐक." तिने पूर्ण ऐकलं. आपल्या घरात वाढलेली मुलगी ती, ऐकणारच.

शेवटी मी म्हटलं, "आईचाही विचार कर. एकटी पडेल ती. आठवडाभर मुरू दे. नंतर वाटलंच तर मी पाठवते."

"नक्की पाठवाल ना?"

"अगं, मी आजवर कोणाचा विसरलेय का?"

फॉर्म ड्रॉवरमध्ये गेला. आठवड्याने मी साताऱ्यात मांडवात असणार, एवढा साधा हिशेब मला सुचला नाही. इतकी वर्षं लोकांच्या तारखा सांभाळणाऱ्या बाईला सुचला नाही.

तीन आठवड्यांनी, डिसेंबरातल्या एका सोमवारी मी परत कामावर आले. साताऱ्याहून आणलेला चिवडा ठेवायला खालचा ड्रॉवर उघडला आणि वरच गार्गीचा फॉर्म. मुदत आदल्या शुक्रवारी संपली होती. चिवड्याची पिशवी हातात घेऊन मी तशीच खाली बसले.

मग मी तो फॉर्म वाचला. पहिल्यांदाच. 'बदलीचं कारण' या रकान्यात तिने बारीक अक्षरात इंग्रजीत लिहिलं होतं, त्याचं मराठी असं होईल: 'मेडिसिनला प्रवेश मिळो न मिळो, मला माणसाचं शरीर शिकायचं आहे, शरीररचनेतच पदवी घ्यायची आहे. तो विषय या विद्यापीठात नाही.'

खरंच नव्हता. तिचा प्रश्न रांगेचा नव्हताच. ज्या एका कारणासाठी मी स्वतः उठून बदलीचा फॉर्म पाठवला असता, ते कारण लिहून तिने माझ्या हातात दिलं होतं, आणि मी तिला दवाखान्याशेजारचं घर ऐकवलं होतं.

त्या संध्याकाळी घरी न जाता मी तडक रजनीकडे गेले. इथला डिसेंबर म्हणजे उन्हाळा, सात वाजले तरी लख्ख ऊन. रजनी ड्यूटीवरून नुकतीच आली होती, युनिफॉर्मवरच टोमॅटोच्या रोपांना पाणी घालत होती. गार्गी आतून आली. मी पायरीवर उभ्याउभ्याच सांगून टाकलं. बसले असते तर कदाचित गोड करून सांगितलं असतं.

मीच म्हटलं, "गार्गी, तू मला एक ईमेल का नाही गं केलीस?"

"मी दोनदा ऑफिसला आले होते. ते म्हणाले, शोभा लीव्हवर आहे." तिने आईकडे पाहिलं. "मेल करणार होते. पण आई म्हणाली..."

रजनी नळ बंद करून म्हणाली, "मी म्हटलं, काकूंना सारखं विचारू नकोस, बरं दिसत नाही. त्या विसरणार नाहीत."

ऐकून मला भडभडून आलं. इथला दुसरा कुठला मुलगा असता तर त्याने तीन मेल टाकून, चौथी माझ्या साहेबांना टाकली असती आणि त्याचा फॉर्म वेळेवर गेला असता. माझ्यावर विश्वास ठेवला म्हणून या पोरीचं नुकसान झालं. ऑफिसात काकू नाही, असा नियम मी केला होता खरा, पण त्यांच्या घरात मी काकूच होते, आणि काकूंना आठवण करून द्यायची नसते.

"काकू, खरं सांगते," रजनी म्हणाली, "तारीख गेली म्हटल्यावर आधी मला बरंच वाटलं. चला, राहील घरी. मी रोज देवापुढे तेच मागत होते." गार्गी तिच्याकडे बघतच राहिली. "पण असं नको होतं मला. आमच्याकडे वॉर्डात चुकीचं औषध दिलं गेलं, तर आम्ही त्याच शिफ्टमध्ये लिहून देतो. कोणी दिलं, किती वाजता दिलं, सगळं. लपवायचं नाही, सारवासारव नाही. पेशंट वाचतो तो त्यामुळेच. तुम्हीही लिहून द्या."

ज्या बाईला मुलगी जायलाच नको होती, ती बाई हे म्हणत होती. डॉक्टर, प्राध्यापक, डीन अशी बरीच मोठी माणसं मी जवळून पाहिली. रजनीएवढा सरळ माणूस क्वचित पाहिला.

गार्गीने विचारलं, "नक्की काय झालं ते लिहाल? म्हणजे, एक्झॅक्टली?"

"लिहीन."

"मग ठीक आहे. नाही जमलं तर पुढच्या वर्षी परत भरीन. विषय कुठे पळून जात नाही." आणि ती चहा ठेवायला आत गेली. एकोणीस वर्षांची मुलगी! मी तिच्या जागी असते तर दार लावून घेतलं असतं. चहा घेताना ती मला एकदाही टोचून बोलली नाही. तेच जास्त टोचलं.

दुसऱ्या दिवशी आधी साहेबांना जाऊन सांगितलं. मग फॉर्मासोबत दक्षिणेतल्या विद्यापीठाला पाठवायचं पत्र लिहायला बसले. छान पानभर पत्र झालं. मोसमातली गर्दी, माझी रजा, आमच्या कामाची पद्धत, निर्णय मुरू देण्याचे फायदे, विद्यार्थिनीची गुणवत्ता. अरोहाला वाचायला दिलं. तिने चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, "शोभा, उशीर कोणी केला?"

"मी."

"ते यात कुठे आहे?"

शोधलं तर सापडेना. 'उशीर झाला' असं होतं, 'मी केला' असं कुठेच नव्हतं. अरोहाने पेन घेऊन पान उभं खोडलं. मग मी नव्याने लिहिल्या फक्त चार ओळी. या विद्यार्थिनीने फॉर्म मुदतीच्या तीन आठवडे आधी माझ्या हाती दिला. मी तो ड्रॉवरमध्ये ठेवला आणि रजेवर गेले. चूक माझी आहे, तिची नाही. तिने दिलेलं कारण कृपया वाचावं. खाली सही.

मग अरोहा म्हणाली, "हिची माणसं कोण, ते विचारलं होतंस?"

"माहीतच होतं की मला. पाच वर्षांची असल्यापासून ओळखते."

"म्हणूनच विचारलं नाहीस," ती म्हणाली, आणि माझ्या चिवड्यातला मूठभर घेऊन आपल्या टेबलाकडे वळली. तिच्या पंधरा मिनिटांच्या नदीत काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. मूल तिथे आपल्या तोंडाने बोलायला लागतं. मी मुलांना फार चांगली उत्तरं द्यायचे, त्यांचा प्रश्न संपायच्या आतच.

उत्तर अकरा दिवसांनी आलं. ते अकरा दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. तारीख गेलेल्या अर्जांचा विचार जागा उरली तरच होतो, हे मीच शेकडो मुलांना सांगत आले होते. अकराव्या दिवशी दुपारी ऑफिसचं दार धाडकन उघडलं आणि सगळ्यांसमोर गार्गी ओरडली, "काकू! झालं!" मी तिला नियमाची आठवण करून दिली नाही. अरोहा उठली आणि तिने गार्गीच्या कपाळाला कपाळ, नाकाला नाक टेकवून आपल्या रीतीने तिला जवळ केलं.

फेब्रुवारीत मायलेकी गाडीत उशा, कुकर, पुस्तकं कोंबून फेरीबोटीने दक्षिणेला गेल्या. निरोप द्यायला मी धक्क्यावर गेले होते. वाऱ्याने सगळ्यांची तोंडं वाकडी झाली होती, त्यामुळे कोण रडतंय ते कळत नव्हतं. रजनी तिला सोडून एकटी गाडी चालवत परत आली. दोन दिवसांचा प्रवास. त्यानंतर कितीतरी रविवार मी तिच्याकडे जेवायला जात होते. प्रायश्चित्त म्हणून सुरुवात झाली, मग मैत्रीच झाली.

ड्रॉवर मी रिकामा केला. मुरवण्याची पद्धत वाईट होती असं आजही मला वाटत नाही. पण त्या ड्रॉवरमधून वर्षानुवर्षं गेलेल्या फॉर्मांवर कारणाचा एक रकाना होता, आणि त्यातले किती मी खरंच वाचले होते, ते आता कोणीच सांगू शकणार नाही. मत बदललं म्हणून थँक्यू म्हणायला येणारी मुलं मला आठवतात. न आलेली किती, ती कुठे गेली, याचा विचार आता मोकळ्या वेळात येतो. नंतरची वर्षं मात्र मूल खुर्चीत बसलं की मी फॉर्म उलटा ठेवायचे, अरोहासारखा "किया ओरा" असा माओरीतून नमस्कार करायचे आणि म्हणायचे, "आधी तू सांग." दवाखान्याशेजारचं घर परत कोणाला ऐकवलं नाही.

गार्गी डॉक्टर झाली का, हे मला मंडळात सगळे विचारतात. नाही झाली. पदवीनंतर तिने एकदा अर्ज केला, प्रवेश मिळाला नाही. लोकांनी "अरेरे" केलं. तिने केलं नाही. ती शरीररचनेतच पुढे शिकली आणि आता त्याच विभागात शिकवते. डॉक्टर होणारी मुलं तिच्या टेबलाभोवती उभी राहून हात, पाय, हृदय शिकतात. रजनी सांगते, त्यांच्या वॉर्डात नवा डॉक्टर आला की आडनाव वाचून विचारतो, "गार्गी तुमची कोण?" रजनी तेव्हा अशी काही ताठ उभी राहते की तिची पाठदुखी खोटी वाटावी.

मागे फोनवर मी गार्गीला विचारलं, "पहिल्या दिवशी मुलं घाबरत असतील ना गं?"

"घाबरतात ना. मी त्यांना आधी दाराबाहेर थांबवते. म्हणते, आत जी माणसं आहेत ना, त्यांनी स्वतःच्या हाताने फॉर्म भरलाय, तुम्ही शिकावं म्हणून. सो, आत जाताना तेवढं लक्षात ठेवा."

देहदानाचा विषय आमच्या घरात नवा नाही, साताऱ्याला माझ्या वडिलांनीही केलं होतं. घरच्यांशी बोलले, आणि निवृत्तीनंतरच्या महिन्यात त्या विभागाचे कागद मागवले. साक्षीदार म्हणून सही करायला रजनीलाच बोलावलं. तिने सगळा कागद, प्रत्येक ओळ, बोट ठेवून वाचला आणि मगच सही केली.

गार्गीला फोन करून कळवलं. ती नाक ओढत म्हणाली, "काकू, ओळखीच्या माणसाच्या टेबलाशी आम्हाला उभं करत नाहीत हं. रूल आहे."

"तिथे कोण काकू?" मी म्हटलं. "ऑफिसात मी शोभा."

तो फॉर्म मी मुरायला ठेवला नाही. त्याच दुपारी चालत जाऊन पोस्टात टाकून आले.